शिट्टीची संथा

बनारस म्हटलं की तुम्ही सावरून बसता, मला माहीत आहे. आता हा गंगा सांगणार, आरती सांगणार, मग हळूच चिता आणि मोक्ष. नाही सांगणार. त्यासाठी घाटावर गाइड आहेत. त्यांच्यातल्या तिघांची मी नक्कल करतो, हवी तर नंतर ऐकवीन. मी सांगणार आहे एका शिट्टीबद्दल. आता शिट्टी म्हटल्यावर काही जण गालात हसले असतील, की अच्छा, पोरीची भानगड. तीही नाही. पोरगी असती तर बरं होतं, निदान वळून शिव्या तरी दिल्या असत्या. ही शिट्टी आकाशातली. ती येतच नव्हती, आणि आमच्याकडे वेळ नव्हता.

शाळा माझी बनारसची नाही. बाबा रेल्वेत. त्यांच्या बदलीमुळे एका लहानशा जंक्शनच्या गावात हिंदी शाळेत शिकलो. तिथे करमणूक म्हणजे प्लॅटफॉर्मवरची अनाउन्समेंट. ती ऐकून ऐकून मी त्या बाईंचा आवाज काढायला लागलो, आणि एकदा आमच्या गणिताच्या मास्तरांना खिडकीआडून 'गाड़ी प्लेटफॉर्म बदलकर आएगी, आपकी असुविधा के लिए हमें खेद है' ऐकवून चांगलं स्टेशनच्या दुसऱ्या टोकाला धाडलं. तेव्हापासून घरात माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी खोकलो तरी आई विचारते, 'हा कुणाचा?'

कॉलेजसाठी मी आणि आई बनारसला आलो, काकांकडे. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात, एकटेच होते. बाबा सुट्टी मिळेल तसे येतात. आमचं घराणं तिथे वेद म्हणणाऱ्यांचं. काकाही लहानपणी पाठशाळेत बसले, पण मधेच उठले आणि टेलिफोन खात्यात लागले. आजोबा म्हणे आयुष्यभर म्हणायचे, 'याला श्रुतींपेक्षा तारा आवडल्या.' काका त्यावर म्हणतात, 'दोन्हीकडे कानच लागतो.' आणि त्यांच्याकडे कान एकच. उजवा लहानपणी गोवरात गेला. सगळं आयुष्य त्यांनी डाव्या कानावर काढलं.

त्या डाव्या कानानं तरुणपणी त्यांनी ती शिट्टी ऐकली होती. गाजीपूरकडे लांबच लांब टेलिफोनची तार जायची, खांबांवरून, उघड्या शेतातून. थंडीतल्या एका पहाटे काका ती लाइन तपासत होते. लाइनवर कोणी बोलत नव्हतं. आणि त्या मोकळ्या तारेत वरून खाली घसरत एक आवाज आला. पीऽऽऽऊऊऊ. जणू कोणी विहिरीत पडता पडता शिट्टी वाजवली. त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, 'पंडितजी, भांग सुबह सुबह मत लिया करो.' ऑफिसात मग बरीच वर्षं काका दिसले की कोणी ना कोणी शिट्टी मारायचं.

पुढे कधीतरी युनिव्हर्सिटीतल्या एका प्रोफेसरांचं भाषण काकांनी ऐकलं आणि त्यांना कळलं की आपण शुद्धीत होतो. जगाच्या दक्षिणेला कुठेतरी समुद्रावर वीज पडते. तिच्यातून रेडिओच्या लहरी निघतात, अगदी खालच्या फ्रीक्वेन्सीच्या. त्यातल्या काही पृथ्वीच्या चुंबकाच्या रेषा धरून वर अंतराळात चढतात आणि मोठा फेरा मारून आपल्याकडे उतरतात. शाळा सुटल्यावर कसं, बारक्या आवाजाची पोरं पळत पुढे, आणि जाड्या आवाजाची डुलत मागून? तसंच. बारीक सूर आधी पोचतात, जाडे नंतर. म्हणून आपल्याला वरून खाली घसरणारी शिट्टी ऐकू येते. त्यासाठी स्टेशन लावावं लागत नाही, सुई फिरवावी लागत नाही. तारेचं भलंमोठं वेटोळं, आवाज मोठा करणारा छोटासा सर्किटचा डबा, आणि इअरफोन. बस. प्रोफेसर म्हणाले होते, 'हमारे यहाँ बहुत कम आती है. आई तो समझिए किस्मत.'

काकांनी जुन्या खाटेची नवार काढली आणि तिच्या चौकटीवर तांब्याची तार गुंडाळली. सर्किट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. दर हिवाळ्यात ते ऐकायचे. शिट्टी काही आली नाही. चटचट मात्र भरपूर, दूरच्या विजांची. फोडणीत मोहरी तडतडते तशी. काका म्हणायचे, 'फोडणी रोज होते रे. भाजी कोणी टाकत नाही.'

मी आल्यावर त्यांना आयता चेला मिळाला. मी ऐकणार, पण ऐकायचं काय हे मला कसं कळणार? तर काकांनी मला शिट्टीची संथा दिली. हसू नका, खरंच. पाठशाळेत वेद शिकवतात तस्संच. गुरुजी एकदा म्हणतात, शिष्यानं लगेच दोनदा म्हणायचं. पुस्तक नाही, विचार नाही, कानातून थेट तोंडात. काका मांडी घालून बसायचे, हात डोक्याच्या वर न्यायचे आणि शिट्टीबरोबर तो हळूहळू गुडघ्यापर्यंत उतरवायचे. मी दोनदा. 'शेवट लांबवू नकोस. ती रडत नाहीये, उतरतेय.' पुन्हा. मी दोनदा. 'सुरुवातीला हवा फार.' पुन्हा. आईनं पोळी तव्यावर टाकली की आम्ही सुरू, आणि शेवटची पोळी झाली तरी चालूच. शेवटी आई लाटणं घेऊन दारात आली. 'तुम्ही दोघं कुकर आहात की माणसं?'

मी ती अशी बसवली की काका डोळे मिटून म्हणाले, 'हं. हीच.' बक्षीस म्हणून रबडी खायला घातली. माझ्या आयुष्यात कोणत्याही गुरूनं मला 'हं' म्हटलेलं हे पहिलंच.

मग दिवाळीनंतर काकांना चक्कर यायला लागली. भिंतीला धरून चालायचे. फोटो काढले, तर डाव्या कानाच्या नसेवर गाठ. डॉक्टर भला माणूस, त्यानं लपवलं नाही. गाठ काढावीच लागेल, नाहीतर आत मेंदूवर दाब येईल. काढली की कान जाणार. काकांनी विचारलं, 'थोड़ा भी नहीं बचेगा?' डॉक्टर टेबलावरचा कागद उगाच सरळ करत म्हणाला, 'झूठ क्यों बोलूँ.' संक्रांतीनंतरची तारीख दिली.

परत येताना रिक्षात मी काहीतरी विनोद करायला पाहत होतो. माझा तोच धंदा आहे. एकही सुचेना. काकाच म्हणाले, 'म्हणजे थंडी मिळाली.'

'काय?'

'थंडीतच येते ती. एक थंडी मिळाली.' आणि ते रस्त्यावरचे हॉर्न ऐकत बसले. मन लावून.

आम्ही गच्चीवर खाट लावली. डबा चालू केला आणि इअरफोनमध्ये फक्त घूंऽऽऽऽ. विजेच्या तारांची घरघर. घरातला मेन बंद केला, तरी घूं. शेजारच्यांचे गीझर, समोरच्यांचा इन्व्हर्टर, घाटावरचे मोठे दिवे, आणि खालच्या गल्लीत रात्रभर चार्जिंगला लावलेल्या ई-रिक्षा. काका सांगायचे, पूर्वी बनारसची लाइट दिवसातून कितीदा जायची, तेव्हा निदान फोडणी तरी स्वच्छ ऐकू यायची. आता लाइट जात नाही. सगळ्या शहराला आनंद, आणि आम्ही दोघं गच्चीत हात जोडून, 'देवा, लाइट घालव.' आईनं ऐकलं. 'बाकीची माणसं देवाकडे काय मागतात, आणि हे बघा!'

मी खाली जाऊन रिक्षावाल्याला गाठलं. म्हटलं, चाचा, पहाटेचा एक तास चार्जिंग बंद ठेवा, काकांच्या कानासाठी.

तो म्हणाला, 'तोहरे काका के कान खातिर हमार पेट बंद कर दें?'

मी त्याच्याच आवाजात त्याला उत्तर दिलं. ती माझी खोड. तो हसला, चहा पाजला, पण चार्जिंग बंद केलं नाही. बरोबरच होतं त्याचं. मी चहा पिऊन वर आलो आणि पायरीवर बसून राहिलो. कुणाचीही नक्कल करून हे सुटणार नव्हतं.

राहिलं एकच. पलीकडची वाळू. इकडे घाटांची गर्दी आणि तिकडे नुसती रेती, मागे काकडी-खरबुजांची शेतं. तिथे तारा नाहीत. मग खाट उचलून रोज पहाटे नावेनं पलीकडे.

आता जरा विचार करा. बनारस. पहाट. धुकं. दोन माणसं, एक पुढे, एक मागे, खांद्यावर खाटेची चौकट घेऊन गल्लीतून गंगेकडे निघालीत. लोक बाजूला व्हायचे. हात जोडायचे. एक म्हातारा 'राम नाम सत्य है' म्हणत दहा पावलं बरोबर चालला. चिता सांगणार नाही म्हटलं होतं, माफ करा, हे आपोआप आलं. घाटावरच्या चहावाल्यानं चौकटीवर कोणी नाही हे पाहून विचारलं, 'गुरु, माटी कहाँ है?' माटी म्हणजे तिकडे मढं.

काका पुढून म्हणाले, 'आगे-आगे चल रही है.'

चहावाला इतका हसला की त्यानं आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. मी नाही हसलो. काकांचे सगळे विनोद त्या दिवसांत असेच होते, आणि माझ्यापेक्षा चांगले होते.

नाववाल्याला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं की मोटर लावायची नाही, तिच्या ठिणगीनं इअरफोनमध्ये टरटर येते. त्यानं कुरकुर करत वल्ही काढली. हे लोक खाटेनं काय पकडतात हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. रोज परत येताना विचारायचा, 'का हो पंडितजी, आज कुछ फँसा?'

'नहीं भइया.'

'जाल में छेद होगा.'

रेतीवर तंबू आहेत, उंट आहेत, पर्यटक आहेत, म्हणून आम्ही आणखी आत चालायचो. घाटांच्या दिव्यांचं घूं तिथेही येत होतं, पण बारीक. काका खाट फिरवत राहायचे, एका कोनात ते जवळजवळ नाहीसं व्हायचं. मग फोन बंद. पूर्णपणे. फोनचीही कुरकुर येते डब्यात. मी एकदा म्हणालो, 'काका, आली तर रेकॉर्ड करायला तरी चालू ठेवूया.' ते म्हणाले, 'मला रेकॉर्ड कोण ऐकवणार आहे रे नंतर?' त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

इअरफोन एकच होता. एक बोंडूक त्यांच्या डाव्या कानात, माकडटोपीच्या आत, आणि दुसरं माझ्या उजव्या. म्हणून शेजारी शेजारी, अगदी चिकटून बसायचं, एका घोंगडीत. मोहरी तडतडायची. आम्ही बसलेले. पूर्वेकडे उजाडायला लागलं की मोहरी कमी व्हायची, मग सूर्य वर आला की उठायचं. रोज. एकादशी, पौर्णिमा, काही नाही. कॉलेजात माझी हजेरी किती होती ते विचारू नका.

एकदा बरीच मोहरी चालू असताना काका म्हणाले, 'आज अगदी शांत आहे नाही?'

मी डब्याकडे पाहिलं. बॅटरी ठीक. माझ्या कानात तडतड धो धो चालू होती. 'हो काका,' मी म्हणालो, 'शांतच आहे.' बारीक आवाज त्यांच्या कानातून आधीच निघून चालले होते. गाठ तारखेसाठी थांबली नव्हती.

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. शिट्टी येणार नाही याची तर होतीच. आता वाटायला लागलं की ती येईल, मला ऐकू येईल आणि त्यांना नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आई तिळाच्या वड्या थापत होती. काका पलीकडच्या खोलीत. आता एवढ्या अंतरावरून त्यांना ऐकू येत नव्हतं, तरी आई हळू आवाजात बोलली. 'एकदा वाजवून टाक ना रे.'

'काय?'

'तोंडानं. तुला येते ना हुबेहूब. शेजारी बसलेला असतोस, अंधार असतो. त्यांना काय कळणार? म्हाताऱ्या माणसाला समाधान.'

'आई, तू मला सांगतेस नक्कल कर म्हणून? जन्मभर कान पिळलेस त्यासाठी.'

'मग आता पिळत नाही. कर.' ती वडीवर सुरी चालवत होती, रेघा वाकड्या जात होत्या. 'माझ्याच्यानं बघवत नाही रे. पहाटे गार वाऱ्यात जातात, चक्कर येते, पाय लटपटतात, आणि हात हलवत परत येतात.'

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. मोरीत जाऊन नळ सोडून एकदा वाजवूनही पाहिली. अगदी हुबेहूब आली. आणि मी नळ बंद केला. मी स्टेशनवरच्या बाईंची, मास्तरांची, गाइडची, रिक्षावाल्याची, सगळ्यांची नक्कल केलीय आणि कोणाचं काही गेलं नाही. इथे ज्याची नक्कल करायची ती चीज यांनी आयुष्यात एकदाच ऐकलेली, आणि यापुढे कधीच ऐकणार नाहीत. मी आईला म्हटलं, 'नाही जमणार.'

'तुला न जमलेलं पहिलंच काम,' ती म्हणाली, आणि मला वडी दिली.

शेवटची पहाट आली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं. धुकं इतकं की नाव कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते दिसेना. नाववाल्यानं आज स्वतःहून काकांना हात धरून चढवलं, त्यालाही आईनं उद्याचं सांगितलं असावं. खाटेचा पुढचा भाग आता मी धरला होता, काका मागून नुसता हात लावून चालत होते, आधारासाठी. मधेच थांबून वाळूत बसले. 'पुढे जाऊ नको, इथेच लाव.'

मी म्हणालो, 'इथे घूं जास्त येईल.'

'पाय नाही जात रे.'

खाट उभी केली, फिरवली, घूं जितकं मारता येईल तितकं मारलं. बोंडूक त्यांच्या कानात बसवलं, टोपी खाली ओढली. घोंगडी घेतली. मोहरी तडतडत होती. मी मनात ज्या ज्या देवांची नक्कल केली आहे त्या सगळ्यांची माफी मागत होतो. काका मधे मधे मान तिरकी करत होते, जसं काही भांड्याच्या तळाशी काय राहिलंय ते बघत असावेत. आभाळ थोडं करडं झालं. मोहरी विरळ व्हायला लागली. संपत आलं होतं.

आणि ती आली.

लहानशी. मोहरीच्या मागून. वर कुठेतरी सुरू झाली आणि घसरत खाली गेली, काका सांगत होते तश्शीच, न रडता. काकांचा हात घोंगडीतून बाहेर आला, वर गेला, पंजा उघडा. थांब, असा.

आणि माझ्या तोंडानं ती दोनदा म्हटली.

मी म्हटली नाही. तोंडानं म्हटली. कानातून आली आणि थेट तोंडातून बाहेर पडली. एवढे महिने तेच घोटलं होतं. गुरू एकदा, शिष्य दोनदा, मधे विचार करायचा नाही. आणि मी बसलो होतो कुठे, तर त्यांच्या डाव्या कानाला गाल लावून. मी दुसरी म्हणत होतो तेव्हा माझ्या कानात, माझ्याच आवाजाच्या खाली, आकाशातून आणखी एक आली. मोठी होती. जाड आणि खालच्या सुरात, त्यांच्या कानाला अजून लागली असती अशी. मी तोंड मिटेपर्यंत तिचं शेपूट वाळूत गेलं होतं.

मग मोहरी. मग तीही नाही.

काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. टोपीच्या कडेवरून गालावर. चेहरा असा झाला होता की मी कधी पाहिलाच नव्हता, अगदी पाठशाळेतल्या पोरासारखा. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझे ओठ अजून गोल होते.

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, 'आकाशातली, की तुझी?'

'पहिली आकाशातली,' मी म्हणालो. 'मग माझी दोनदा. पण माझ्या खाली आणखी एक होती, काका. पहिलीपेक्षा मोठी. खरंच होती.'

'शपथ?'

'गंगेची.'

'गंगेची तू चहाच्या पैशांसाठीही घेतोस.' त्यांनी डोळे पुसले. 'पहिली मला ऐकू नाही आली. काहीतरी हललं एवढंच वाटलं, म्हणून हात वर केला. नंतरची ऐकली.' ते थांबले. 'फार छान होती. मी म्हटलं, एवढी स्वच्छ कशी.'

मला वाळूत शिरावंसं वाटलं. मी म्हणालो, 'आणखी थोडा वेळ बसू. येते कधी कधी पाठोपाठ. प्रोफेसर म्हणाले होते ना.' प्रोफेसर असं काही म्हणाले नव्हते. आम्ही बसलो. सूर्य वर आला, धुक्यात लाल, मग पिवळा. उंट उठले. पर्यटकांचे फोन सुरू झाले आणि बोंडकात कुरकुर यायला लागली. काकांनी ते कानातून काढलं, तार नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. माझा हात हातात घेऊन मूठ बंद केली.

नावेत बसलो. नाववाल्यानं वल्हं मारलं आणि नेहमीसारखं विचारलं, 'का हो पंडितजी, आज कुछ फँसा?'

तिथे फुटले काका.

'फँसी थी! इस गधे ने खा ली!' नाववाला वल्हं धरून बघतच राहिला. मग काका माझ्याकडे वळले आणि मराठीत सुरू झाले, एवढ्या मोठ्यानं की घाटावर आंघोळ करणारे माना वर करून बघायला लागले. 'घोडा झालास! मिशा फुटल्या! मी हात वर केला होता की नाही? हात वर म्हणजे काय?'

'थांब.'

'मग?'

'काका, तुम्हीच शिकवलंत. गुरू एकदा, शिष्य दोनदा.'

'अरे, मी शिकवलं ते माझ्यासमोर म्हणायला! आकाश काय तुझा गुरू आहे? ते तुला संथा द्यायला आलं होतं? दक्षिणेच्या समुद्रावरून निघून, वर जाऊन, एवढा फेरा मारून ती बिचारी इथवर आली, आणि तू तिच्या तोंडावर शिट्टी मारलीस! लफंग्यासारखी!'

'चुकलं.'

'चुकलं म्हणे! साहेब परवडले, त्यांनी निदान मला ऐकू दिली होती, मग हसले!'

नाववाला मधे म्हणाला, 'पंडितजी, बच्चा है, जाए द.'

'बच्चा? एह बच्चा के मुँह देखो भइया, मुँह! चौबीसों घंटा खुला!' काका दम घ्यायला थांबले. घाट जवळ आला होता. मी खाली बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ओरडा, आणखी ओरडा, थांबू नका, घरापर्यंत ओरडा. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता. ते ओरडता ओरडता तो ऐकत होते, मला दिसत होतं, मान तशीच तिरकी करून.

नाव पायरीला लागली. मी खाट उचलायला वाकलो, आणि त्यांनी माझा कान धरला, उजवा, ज्यात बोंडूक होतं तो, आणि असा पिळला की आईनं कधी पिळला नसेल.

'देवानं तुला दोन कान दिलेत, गाढवा,' ते म्हणाले, 'दोन्ही धड! आणि वापरतोस काय, तर तोंड!'